उरला तो एक आवाज

१

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या गावच्या रेडिओ मंडळाच्या खोलीत शिवराजनं कडुबा गुरुजींच्या रेडिओ सेटवरचा लाल कपडा उचलला, तर खाली सेट नव्हता. गोडेतेलाचा रिकामा डबा आडवा ठेवलेला होता आणि त्यावर पुठ्ठा, म्हणजे कपड्याला उंची बरोबर यावी. शिवराज हातात झेंडूचा हार घेऊन तसाच उभा राहिला. अगरबत्ती लावून झाली होती, पेढ्यांचा पुडा फोडून झाला होता, आणि पूजा कुणाची करायची तेच गायब.

मी तिथं होतो तो पेढ्यांपुरता. आम्ही नवरा-बायको बुद्धाचं करणारे, हार-कुंकू शिवराजचं खातं. शिवाय मी रेडिओवालाही नाही. मी सर्जेराव साळवे, एसटीचा रिटायर्ड कंट्रोलर. जन्मभर स्टँडवरच्या भोंग्यातून पाचोड, कन्नड, देवगाव रंगारी ओरडलो, आता गप्प बसायची हौस आहे. रेडिओवाली माझी बायको, रत्नमाला. शाळेत विज्ञान शिकवायची, अजूनही सगळे तिला बाई म्हणतात. सरकारी परीक्षा देऊन तिनं हौशी रेडिओचं लायसन काढलं आणि आमच्या सिडकोतल्या गच्चीवर एक तार ताणली. त्या तारेवरून ती कोची-कोलकात्याशी बोलते. मोबाइल नाही, टॉवर नाही, मध्ये कुणी नाही. मी एकदा त्या तारेवर बनियन वाळत घातलं होतं, त्याचं आजवर ऐकतो आहे.

हा सेट गुरुजींनी स्वतःच्या हातानं जुळवला होता. मंडळातल्या सगळ्यांना त्यांनीच घडवलं. सेटला खोड एकच, तापला की जागेवर राहायचा नाही. आवाज हळूहळू सरकत चिरका व्हायचा आणि ऐकणाऱ्याला आपलं बटण फिरवत त्याच्या मागं जावं लागायचं. गुरुजी म्हणायचे, माझ्यासारखाच हाय, तापला की सरकतो. गुरुजी गेल्यावर सेट कपड्याखाली गेला तो वर्षातून एकदा, पूजेलाच बाहेर यायचा.

खोलीचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तीन. एक शिवराजकडं, तो मंडळाचा सचिव. एक शिवशंकरकडं. तिसरी अभय वाहुळकडं, पण अभय आषाढातच विशाखापट्टणमच्या बंदरावर वायरलेस ऑपरेटर म्हणून गेला. घाईत किल्ली द्यायची राहिली. आणि त्याच्या निरोपाच्या फोटोसाठी कपडा तेवढा काढला होता, त्यात टेबलावर हाच सेट लख्ख दिसतो. म्हणजे चोरी झाली ती अभय गेल्यावर.

मग सगळ्यांच्या नजरा गेल्या शिवशंकरकडं. तेलाचे डबे त्यानंच आणले होते, वायरी ठेवायला.

शिवशंकर रुपनर पाचोडचा. बापाची अजून मेंढरं आहेत. पोरगा शिकला, लायसन काढलं, आणि आता जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात वायरलेसच्या जागेवर त्याची निवड झाली होती. फक्त पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला यायचा होता. शिवराजनं हार खाली ठेवला आणि म्हणाला, ट्रान्समीटर हरवला तर पोलिसांत कळवावंच लागतं. रविवारी बैठक घेऊ, आणि संशय कुणावर असं विचारलं तर नाव द्यावं लागेल. नाव कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही. शिवशंकरचं तोंड उतरलं. पोलिसांच्या कागदावर नाव आलं की दाखला गेला, आणि दाखला गेला की नोकरी गेली, एवढं माझ्यासारख्यालाही कळत होतं.

बायको त्या डब्यापाशी वाकली होती. तिनं पुठ्ठा उचलून पाहिला, परत ठेवला.

"चोरानं उंची का जुळवली?" ती म्हणाली. "विकणारा असता तर उचलून पळाला असता. याला वाटत होतं, सेट इथंच आहे असं आपल्याला वाटत राहावं."

२

त्या दिवसापासून आमच्या घरात चहा वेळेवर मिळेना. बाई चौकशीला निघाली आणि स्कूटर चालवायला मी.

आधी शिवराज. त्याचं पैठण गेटजवळ इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. माणूस वाईट नाही, पण सचिवपद अंगात भिनलेलं, दोन माणसं जमली की अध्यक्षीय बोलतो. गुरुजींचा सेट दुरुस्त करून काचेच्या पेटीत ठेवायचं त्याच्या मनात होतं हे त्यानं स्वतःच सांगितलं. मी नेला असता तर माझ्या घरी सापडला असता ना, म्हणाला. ते खरंच होतं, कारण शिवराजनं काही केलं आणि गावाला सांगितलं नाही असं आजवर झालेलं नाही.

मग प्रेरणा. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, शिवराजची किल्ली अधूनमधून मागून नेते. तिला सेट प्रदर्शनात मांडायचा होता, तसा अर्जही तिनं केला होता, आणि शिवराजनं तो तीन बैठका लोंबकळत ठेवला होता. ती चिडलेली होती, पण सेटवर नाही, शिवराजवर. चोरायचा असता तर याच्या नाकासमोरून नेला असता, असं ती शांतपणे म्हणाली. मला पटलं.

शिवशंकर संध्याकाळी आपणहून घरी आला. चपला बाहेर काढून दाराशीच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. बायकोनं त्याला सरळ विचारलं, अभयनं निरोपाच्या दिवशी सगळ्यांदेखत स्वतःचा सेट तुला दिला, तो चालतो ना? चालतो, म्हणाला. पाचोडला घरी लावला आहे. तिकडं लांबलांबचं झकास ऐकू येतं.

"पण बाई, एक सांगू का? रोजच्या हजेरीत मला कोची येतं, जयपूर येतं, कोलकाता तर लई खणखणीत. अभयदादा तेवढे येत नायत. एकदा बी नाय. तुम्ही त्यांच्याशी बोलता ते बाकीच्यांच्या बोलण्यातून कळतं. शिवराजभाऊ म्हणले, तू ऐकतच नसशील, थापा मारतो. माझ्याच तारंत काय खोट असंल."

खोट तारेत नसावी, असं बायको पुटपुटली. शिवशंकर उठता उठता म्हणाला, मेंढरामागं फिरलो ते बरं होतं, तिथं कुणी चोर तर म्हणत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो, म्हणून मी त्याला बळंच जेवायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आम्ही बुद्धलेणीला जाऊन आलो. येताना आशाबाईंची गल्ली लागली. आशाबाई म्हणजे अभयची आई. गल्लीच्या तोंडाशी अभयच्या नोकरीच्या अभिनंदनाचा फ्लेक्स अजून उभा होता, उन्हानं निळा पडलेला, गॉगल घातलेला अभय आणि खाली बावीस शुभेच्छुकांचे चेहरे. आशाबाई दारातच होत्या. अभय रोज फोन करतो म्हणाल्या, पण दिवाळीला येणार का विचारलं की सुट्टी नाही म्हणतो. लेकाचं कौतुक सांगताना त्यांचे डोळे पाण्यानं भरले.

बायकोनं त्या फ्लेक्सकडं वळून पाहिलं. तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं असेल.

३

आता हजेरी म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रोज सकाळी चहा-पोहे झाले की बायको सेटपुढं बसते आणि देशभरच्या हौशी मंडळींची हजेरी घेते. शाळेची सवय, दुसरं काय. ती एकेकाचा कॉलसाइन, म्हणजे लायसनवरचं रेडिओतलं नाव, पुकारते आणि पलीकडून ओ येते. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या, नाव, मुक्काम आणि हवा. कोचीचे एक डॉक्टर, जयपूरच्या एक बाई, कोलकात्याचे एक बाबू, असे ठरलेले भिडू. पाचोडच्या शिवशंकरची ओ मात्र आम्हाला ऐकू येत नाही. त्याचा आवाज आकाशात चढतो, वरच्या थरावर आपटतो आणि आमच्या डोक्यावरून जाऊन थेट कोलकात्याला उतरतो. मग कोलकात्याचे बाबू आम्हाला सांगतात, पाचोडवाले हाजिर है. एसटीनं तासाभराच्या अंतरावरचा पोरगा, आणि त्याची खबर बंगालहून येणार. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून हसून ठसका लागला होता. बायको म्हणाली, उडी मारणारा माणूस पायापाशी पडत नाही, लांब पडतो. तसंच हे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजेरीत चोरीचा विषय निघाला. शिवराजनं सगळ्या देशाला ऐकवलं की संशयित मंडळातलाच आहे आणि त्याच्याकडं किल्ली आहे. कळणाऱ्यांना कळलं. तेवढ्यात अभयची ओ आली. शिवशंकर तसा नाही, तो म्हणाला, त्याच्यावर आळ घेऊ नका, मी त्याची हमी देतो.

मी पोहे खाता खाता ऐकत होतो. बरं वाटलं. एवढ्या लांबून गड्यानं मित्राची बाजू घेतली. बायकोला म्हणालोसुद्धा, आवाज बघ कसा सरळ येतो याचा. बाकीच्यांचे आवाज झोक्यावर बसल्यासारखे वरखाली होतात, कोलकात्याचे बाबू तर मधेच बुडून मधेच वर येतात. याचा बारीक, पण कसा एका रेषेत.

बायको बटण थोडं फिरवत होती. अभय बोलायला लागला की तिला ते फिरवावं लागायचं, थोडं बोलला की पुन्हा थोडं. मी किती दिवस ते पाहत होतो, पण मला वाटायचं, बायकांना हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. हे मी बोलूनही दाखवलं असतं, पण तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, तिनं माझा घास घशातच राहिला.

"काय म्हणालात?" तिनं विचारलं. "एका रेषेत?"

४

शुक्रवारी हजेरी नुकतीच सुरू झाली होती. कोचीचे डॉक्टर त्यांच्याकडच्या पावसाचं सांगत होते आणि सांगता सांगता बुडाले. जयपूरच्या बाई निम्म्या वाक्यात गेल्या. कोलकात्याचे बाबू तर ओ द्यायलाच आले नाहीत. नेहमीची खरखर असते ना सेटमध्ये, तीसुद्धा बसली. खोलीत एकदम सुनसान झालं.

मी म्हटलं, तार तुटली. गच्चीवर धावलो. तार जागच्या जागी, वर एक होला बसलेला. खाली येतो तर शिवराजचा फोन. त्याच्याकडंही सगळं गप्प झालं होतं, आणि त्याला लगेच आठवलं की काल संध्याकाळी शिवशंकर आमच्या गच्चीवर तार ताणायला चढला होता. आता तो नासधूसही करायला लागला, म्हणाला.

"तुमच्याही गच्चीवर चढला होता का तो?" बायकोनं विचारलं. शिवराज म्हणाला, नाही. "मग तुमची तार कुणी बिघडवली?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिनं मोबाइलवर काहीतरी उघडून मला दाखवलं. एक रेघ सरळ चालली होती आणि मधेच उभी वर गेली होती. सूर्यावर मोठी ज्वाला उठली आहे, म्हणाली. ही वर्षं सूर्याच्या भराची. दर अकरा वर्षांनी त्याच्या अंगात येतं, तसं आलं आहे. ज्वालेचे क्ष-किरण इथं पोचले की जिथं जिथं दिवस आहे तिथं तिथं आभाळाचा खालचा थर दाट होतो आणि वर निघालेला आवाज वाटेतच जिरवून टाकतो. आपटायला वर पोचतच नाही, मग लांब पडणार कुठून? घटकाभरानं आपोआप उतरेल. तोवर देशभरचे सगळे मुके.

मला वाटलं, चला, आता सेट बंद होईल आणि मला पेपर वाचता येईल. पण ती शाळामास्तरीण. वर्गात कुणी नसलं तरी हजेरी पुरी करायची. एकेक कॉलसाइन पुकारत गेली. कोची, उत्तर नाही. जयपूर, नाही. कोलकाता, नाही. तिचा आवाज एकटाच त्या खोलीत, आणि मला उगाच कसंतरी झालं.

मग तिनं अभयचा कॉलसाइन पुकारला, आणि ओ आली.

"हजर आहे, बाई. मुक्काम विशाखापट्टणम, हवा दमट. आज सगळे गेले कुठं? मला फक्त तुम्हीच ऐकू येताय."

बारीक, सरळ, एका रेषेत. बायकोचा हात बटणावर होता, तो थोडा फिरला. तिनं धन्यवाद म्हटलं, हजेरी संपवली आणि सेट बंद केला. मग माझ्याकडं वळली. चेहरा पार उतरला होता.

"अहो," ती म्हणाली, "विशाखापट्टणम आज ऐकू यायलाच नको होतं."

५

मी चहा ठेवला. आमच्याकडं मोठ्या गोष्टी चहाशिवाय बोलल्या जात नाहीत.

आवाज दोन वाटांनी येतो, ती म्हणाली. एक आभाळातून, उडी मारून, लांबचा. दुसरा जमिनीलगत, सरळ, जवळचा. आज सूर्यानं आभाळाची वाट बंद केली. तरी जो पोचला, तो जमिनीच्या वाटेनं आला. म्हणजे तो फार लांब नाही, मोटारीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल इतका जवळ आहे. म्हणूनच त्याचा आवाज वरखाली होत नाही, वरखाली होतो तो आभाळातला. आणि म्हणूनच पाचोडला तो ऐकू येत नाही. पाचोड त्याच्यापासून जमिनीच्या वाटेनं लांब आणि उडीच्या वाटेनं फार जवळ, मधल्या खड्ड्यात पडलेलं. खरंच विशाखापट्टणमहून बोलत असता, तर जसा आपल्याला तसा शिवशंकरलाही आला असता. तो बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता.

मी विचारलं, मग अभय बोललाच कशाला? गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?

"कुणी पुकारलं आणि पलीकडून कुणीच बोललं नाही, तर हातातलं टाकून ओ द्यायची," ती म्हणाली. "गुरुजींनी आम्हाला पहिला धडा तोच दिला. मी एकटीच पुकारत राहिले ते त्याला ऐकवलं नसेल." अभय तिचा लाडका.

आणि बटण? मी स्वतःच विचारलं, कारण आता माझंही डोकं चालायला लागलं होतं. ती म्हणाली, स्वतःचा चांगला सेट त्यानं सगळ्यांसमोर शिवशंकरला देऊन टाकला. परत कुठल्या तोंडानं मागेल? आणि तो ज्यावरून बोलतो, तो सेट तापला की सरकतो. मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणजे आम्ही ज्याला शोधत होतो तो गुरुजींचा सेट रोज सकाळी आमच्याशीच बोलत होता, आणि त्यातूनच शिवशंकरची हमी दिली जात होती.

पण एवढ्यावर शिवराज ऐकणार नव्हता. सेट डोळ्यांनी दाखवायला हवा होता, आणि रविवारच्या आत.

शनिवारी सकाळी बायकोनं आमच्या सेटवर प्रेरणाला बसवलं. तिच्या शेजारी मुद्दाम शिवशंकरला बसवलं. प्रेरणाला सांगितलं, आज हजेरी तू घे आणि अभयला बोलतं ठेव, बंदराचं विचार, जहाजांचं विचार. मग बायको माझ्या स्कूटरवर मागं बसली. मांडीवर छोटा रिसीव्हर आणि हातात तारेचं गोल कडं. या लोकांचा एक खेळ असतो, कुठंतरी ट्रान्समीटर लपवायचा आणि बाकीच्यांनी असं कडं फिरवत तो शोधायचा. कडं विशिष्ट बाजूला वळलं की आवाज एकदम पडतो, आणि त्यावरून तो कुठल्या रेषेत आहे ते कळतं. गुरुजी हा खेळ पाडव्याला घ्यायचे, आणि अभय दरवर्षी जिंकायचा.

नगर नाक्याला तिनं कडं फिरवलं. रेष वायव्येला गेली. दौलताबादच्या टी पॉइंटला पुन्हा थांबलो. मी म्हटलं, देवगाव रंगारीचा रस्ता धरू, अभयचं आजोळ तिकडं आहे. एसटीत जन्म गेला, मला विचार. तिनं कडं फिरवलं आणि बोट घाटाकडं दाखवलं, खुलताबादकडं. ते डोंगरावर, आमचं शहर खाली. मध्ये आडवं काही नाही. आवाज सरळ घरंगळत येणार.

खुलताबादच्या वेशीत शिरलो तसा आवाज इतका मोठा झाला की कडं कसंही फिरवलं तरी फरक पडेना. बायको हिरमुसली. रिसीव्हरमध्ये अभय प्रेरणाला जहाजांच्या भोंग्यांचं वर्णन सांगत होता आणि आम्ही मशिदीमागच्या गल्लीत शेळ्यांना बाजूला सारत चाललो होतो. त्या वेळी मी वर पाहिलं. एका दुमजली घराच्या टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत तार गेलेली. सकाळचं स्वच्छ ऊन, खाली दोन दोऱ्यांवर कपडे खच्चून भरलेले, आणि त्या तारेवर फडकंसुद्धा नाही.

"रत्नमाला," मी म्हणालो, "त्या तारेवर कुणीतरी एकदा बनियन घातलं असणार."

६

जिना बाहेरून होता. दार लोटलेलं. आत मोबाइल दुरुस्तीचं टेबल, एक खाट, आणि खिडकीशी गुरुजींचा सेट, पुसून लख्ख केलेला. अभय पाठमोरा बसला होता, हातात माईक, हेडफोनचं एक भांडं उजव्या कानावर आणि दुसरं वर सरकवलेलं.

मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन हाक मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली, चांगली स्टँडवरची. तरी नाही. मला वाटलं, ढोंग करतो. बायकोनं माझा दंड धरला आणि मान हलवली. मग ती उजवीकडून पुढं गेली आणि त्याला दिसेल अशी उभी राहिली.

अभयनं तिला पाहिलं आणि माईकचं बटण सोडलं. मग थोडं थोडं सांगितलं. विशाखापट्टणमला पोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात डॉक्टरी तपासणी झाली. डाव्या कानानं जवळजवळ काम सोडलेलं. वायरलेसला कान लागतो, त्यांनी परत पाठवलं. गाडीतून उतरला तो घराकडं गेला, तर गल्लीच्या तोंडाशी स्वतःचाच फ्लेक्स. त्याच्याखालून आत जायला पाय उचलला नाही. तसाच मागं फिरला, इथं येऊन खोली घेतली आणि मोबाइल दुरुस्तीवर पोट भरू लागला. आवाजाशिवाय राहवेना, तेव्हा एका दुपारी जुनी किल्ली लावून सेट उचलला. वर्षभर कुणी कपडा उचलत नाही, तोवर ठेवू परत, असं वाटलं होतं. खंडेनवमी लक्षातच राहिली नाही.

मला आधी दया आली आणि मग संताप आला. मी म्हटलं, बाबा, तुझा कान गेला त्याचं मला वाईट वाटतं, पण तिकडं त्या पोराची नोकरी जाते आहे, आणि तू हमी कसली देतोस?

बायको त्याच्यावर ओरडली नाही. तिनं सेटवरचा माईक उचलून त्याच्या हातात दिला.

"प्रेरणा थांबली आहे. शिवराज ऐकतोय, शिवशंकर तिच्या शेजारी बसलाय. नाव, मुक्काम, हवा," ती म्हणाली. "आणि आज खरं सांग."

त्यानं बटण दाबलं. नाव सांगितलं. मग म्हणाला, मुक्काम खुलताबाद. हवा थंड आहे. मी विशाखापट्टणमला नाही, तीन महिन्यांपासून नाही. मी बोलतोय तो सेट गुरुजींचा आहे, मी नेला. शिवशंकरनं काही केलेलं नाही. मला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो.

बटण सुटलं. कोचीचे डॉक्टर बोलले नाहीत, कोलकात्याचे बाबू बोलले नाहीत. मग आमच्या घरून, आमच्याच सेटवरून, शिवशंकरचा आवाज आला.

"दादा, परवा तुम्ही माझी बाजू घेतली ना, तवा मला लई बरं वाटलं हुतं. रात्रभर तेच आठवत हुतो. आता तेच लई लागतंय."

एवढंच. अभय रडला. मी खिडकीतून शेळ्या पाहत उभा राहिलो.

रविवारच्या बैठकीत अभय आईला घेऊन आला. आदल्या दिवशीच त्यानं स्वतः शिडी लावून तो फ्लेक्स उतरवला होता, आणि आशाबाईंनी तो घडी घालून ठेवला होता. शिवराजनं शिवशंकरची सगळ्यांसमोर माफी मागितली, अध्यक्षीय भाषण करून का होईना. पोलिसांत काही गेलं नाही. सेटचं काय करायचं ते शिवशंकरनं ठरवावं असं बायको म्हणाली. तो अभयकडं न पाहता म्हणाला, राहू द्या त्यांच्याकडंच, कपड्याखाली ठेवून काय करायचं हाय. आणि उठून गेला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

दाखला दिवाळीआधी आला. नोकरीवर रुजू व्हायच्या आदल्या सकाळी शिवशंकर पाचोडला होता. हजेरी चालू होती, मी पोहे खात होतो. अभयनं खुलताबादहून ओ दिली, बायकोनं बटण थोडं फिरवलं. पाचोडची ओ आम्हाला आली नाही, तशी येतच नाही. ती कोलकात्याला गेली आणि बाबूंनी आमच्याकडं परत पाठवली.

"पाचोडवाले हाजिर है," बाबू म्हणाले. "और खुलताबाद के लिए उनका एक सवाल है. पूछ रहे है, कान डॉक्टर को दिखाया क्या?"

मग अभयचा आवाज आला, बारीक, सरळ. म्हणाला, उनको बोलिए, सोमवार को जा रहा हूँ.

बाबूंनी ते पाचोडला सांगितलं. बायको पुन्हा बटण फिरवत होती, आणि या वेळी ते कशासाठी ते मला माहीत होतं.